शिरोरेषेखालचे आकडे

भायखळा स्टेशनबाहेर उभ्या असलेल्या एका स्कूटरच्या पाटीवर ‘राम’ लिहिलेलं होतं. नीट पाहिल्यावर कळलं, तो नंबर आहे : 214. दोनाचा र, एकाचा काना, चाराचा म आणि वरून ओढलेली लांबलचक रेघ. त्याआधीची ‘एमएच ०१’ ही अक्षरं कोपऱ्यात मुंगीएवढी. अशी पाटी घडते कशी आणि ती घडवताना माणसं काय बोलतात, ही उत्सुकता पुलापलीकडच्या एका नंबरप्लेटवाल्याकडे घेऊन गेली.

दुकान म्हणजे भिंतीला टेकवलेली फळी, वर रेडियमच्या गुंडाळ्या, खाली रंगाचे डबे. थिनरचा वास रस्ता ओलांडायच्या आधीच नाकात शिरतो. सगळे ज्यांना ‘पेंटरकाका’ म्हणतात ते साठीकडे झुकलेले गृहस्थ स्टुलावर बसून जुना ॲक्रिलिकचा तुकडा पुसत होते. आता गाडीच्या पाटीवर ते असलं काही लिहून देत नाहीत, पण हात अजून विसरलेला नाही. दाखवा म्हटल्यावर त्यांनी दोन बोटांत ब्रश धरला.

4912 असा आकडा त्यांनी आधी साधा लिहिला. मग चाराचं पोट जरा गोल केलं, नवाची शेपटी सरळ खाली आणली, एक तसाच ठेवला, दोनाचा पाय तिरका सोडला. इथपर्यंत तो आकडाच होता. मग काकांनी श्वास रोखून डावीकडून उजवीकडे एका दमात शिरोरेषा ओढली आणि ‘पवार’ उमटलं. सगळं काम त्या एका रेघेत आहे. कायदा मोडतो तोही तिथेच.

चार हा या धंद्यातला सर्वात गुणी आकडा. ‘राम’मध्ये तो म होतो, ‘पवार’मध्ये प. 4141 लिहिलं की कुणी ‘पापा’ वाचतो, कुणी ‘मामा’. यातला ‘पापा’ २०२२ मध्ये उत्तराखंड पोलिसांनी पकडला आणि आमिर खानच्या पहिल्या गाजलेल्या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर समज देत त्याचा फोटो प्रसिद्ध केला. ‘मामा’ची गंमत फळीपाशी टेकलेल्या एका डिलिव्हरीच्या पोराने सांगितली. ‘मामा’ लिहिलेल्या गाडीला मामानेच, म्हणजे ट्रॅफिक हवालदाराने अडवलं, तर दंड माफ व्हायला नको का? यावर सगळे हसले, काकाही.

अक्षर आणि आकडा यांचं हे नातं आजचं नाही. कटपयादी पद्धतीत क, ट, प, य या चौघांचीही किंमत एक, आणि त्या हिशेबाने शब्दांत आकडे लपवले जात. अरबी अबजद पद्धतीत ‘बिस्मिल्लाह’च्या पूर्ण वचनातल्या अक्षरांची बेरीज ७८६ होते. सिनेमाने ती घराघरांत नेली : १९७५ च्या ‘दीवार’मध्ये गोदी कामगार विजयच्या बिल्ल्यावर 786 आहे, १९८३ च्या ‘कुली’मध्येही बिल्ल्यावर तोच आकडा. माझगावची गोदी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे भायखळ्यात 786 मागणाऱ्याच्या मनात श्रद्धा असते आणि थोडा अमिताभही. एकाच फळीवर 214 आणि 786 या दोन्हींचे नमुने शेजारी शेजारी वाळत ठेवल्याचं काका सांगतात. इंग्रजीवाल्यांना 8055 हवा असतो, कारण तो ‘बॉस’सारखा दिसतो.

हौसेची किंमत सरकारलाही ठाऊक आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रात पसंतीच्या नंबरांचं शुल्क वाढलं आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या 0001 साठी ६ लाख रुपये द्यावे लागू लागले. म्हणजे आकडा विकत घेता येतो. त्याला वळण देता येत नाही.

ते का, याची चर्चा इथे रोज होते, आणि ती करणाऱ्यांतला कुणीही वकील नसतो. टॅक्सीवाल्या एका भाऊंना कलम पाठ होतं : ‘१७७ लागतं. पहिल्यांदा ५००, दुसऱ्यांदा १५००. त्यापेक्षा ५३१ भरा आणि सुटा.’ ५३१ हा आकडा त्या दुपारी सतत ऐकू येत होता. दुचाकीची उच्च सुरक्षा पाटी, म्हणजे एचएसआरपी, महाराष्ट्रात ४५० रुपयांना, कर धरून ५३१.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही पाटी कंपनीतूनच येते. जुन्या गाड्यांसाठीची मुदत २०२५ मध्ये पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर उठावाचे आकडे, डाव्या बाजूला अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं कुलूप. ‘५३१ मध्ये माझा ब्रश कुठेच नाही,’ काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. माहिती दिल्यासारखं म्हणाले.

त्यांची एक तक्रार मात्र ऐकण्यासारखी आहे. दुकानावरची पाटी मराठीत, ठळक देवनागरीत हवी असा राज्याचा कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीने तो दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही लागू झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. आणि १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५० वा नियम सांगतो की गाडीच्या पाटीवर अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीयच हवेत. ‘डोक्यावर देवनागरी नाही लिहिली तर दंड, खाली लिहिली तरी दंड,’ काका बोट वर-खाली करत म्हणाले.

वाक्य टाळीचं आहे, पण दोन पाट्यांचं काम वेगळं आहे. दुकानाची पाटी गल्लीतल्या माणसासाठी असते. गाडी गल्लीबाहेर जाते. सोलापूरच्या पुढे एखाद्या तमिळ ट्रकचालकाने अपघात पाहिला, तर त्याला ‘पवार’ वाचता येणार नाही, 4912 वाचता येईल. काकांचा प्रतिवाद असा की 4912 विसरतं, ‘पवार’ लक्षात राहतं. खरं आहे. पण राहतं ते अर्धंच : आडनाव लक्षात राहतं आणि कोपऱ्यातली मुंगीएवढी मालिका कुणीच वाचत नाही. तोच 4912 दुसऱ्या मालिकेतल्या कुणाच्या तरी गाडीवरही असतो. सिग्नलवरच्या कॅमेऱ्याने आकडा चुकीचा वाचला, तर ई-चलान त्या निरपराध माणसाच्या मोबाइलवर जातं. चारचाकीच्या अक्षरांची उंची ६५ मिलिमीटर आणि जाडी १० मिलिमीटर नियमात लिहिली आहे ती यासाठीच. इथे कायद्याचंच बरोबर आहे, आणि शिरोरेषेवर कितीही जीव जडला तरी ते कबूल करायला हवं.

हळहळ वाटते ती हाताची. सिनेमाची पोस्टरं रंगवणारे हात डिजिटल छपाईने घरी बसवले, आता ही पाळी. पाटी एका साच्यातून यावी हे सुरक्षेसाठी ठीक, पण हजारो पेंटरांनी पुढे काय करायचं हे कोणीच सांगितलेलं नाही. काकांकडे सध्या येतं ते टेम्पोच्या फाळक्यावर मालकाचं नाव, हातगाडीवर ‘वडापाव’, मडगार्डच्या रबरावर ‘आईचा आशीर्वाद’. त्या दुपारी त्यांनी असा एक ‘आ’ काढला, टोकाला किंचित जाड, पोटात मोकळा. कुठल्याही कटिंग मशीनच्या फाँटमध्ये तो सापडणार नाही.

तेव्हा गाडीवर देवाचं, आईचं, आडनावाचं अक्षर हवंच असेल, तर पाटीला हात लावू नका. मडगार्ड मोकळं आहे. ते घेऊन भायखळ्याला किंवा तुमच्या नाक्यावरच्या पेंटरकडे जा, रेडियमचा छापील स्टिकर नाकारा आणि हातानेच लिहून मागा. पाटीसाठी ५३१ देताच आहात, त्या हातालाही त्याचे पैसे घासाघीस न करता द्या.