भूमीचा उंचसखलपणा आकड्यांत

नाशिकहून गोदाकाठाने खाली येताना दारणेचा संगम मागे टाकला म्हणजे काही अंतरावर सायखेडा आणि चांदोरी ही गावे लागतात. दोहोंच्या मधून गोदावरी वाहते. पुराचे पाणी दाराशी येणे येथे नवलाचे नाही. ऑगस्ट 2016 आणि ऑगस्ट 2019 ह्या दोन्ही वेळी ते गावांत शिरले. अशा ठिकाणी कोणते घर बुडेल व कोणते कोरडे राहील, हे पुष्कळदा हात-दोन हातांच्या उंचीवर अवलंबून असते. डोळ्यांस मात्र ती जमीन सपाटच दिसते.

ही उंची मोजण्याची जुनी रीत म्हणजे साखळी, दुर्बिणीचे कोनमापक यंत्र आणि पायपीट. लॅम्टनसाहेबाने 1802 साली मद्रासेजवळ आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस आरंभ केला, आणि त्या पायावर पुढे भारतीय सर्वेक्षण खात्याचे नकाशे उभे राहिले. त्यांत सारख्या उंचीची स्थळे जोडणाऱ्या समोच्च रेषा असतात. परंतु दोन रेषांत 20 मीटरांचा फरक धरला, तर गोदाकाठच्या मळईत कित्येक शेतांतून एकही रेषा जात नाही. त्र्यंबकच्या डोंगरांचे रूप ह्या रेषांनी उत्तम उमटते. सायखेड्याचे उमटत नाही.

नवी रीत रेषांऐवजी आकडे साठविते. फेब्रुवारी 2000 मध्ये ‘एन्डेव्हर’ हे अमेरिकन अवकाशयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले. त्याच्या पोटात एक रडार होते आणि 60 मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकास दुसरा ग्राहक. दोन डोळ्यांनी पाहिले असता मनुष्यास अंतराचा अदमास येतो, त्याच न्यायाने जगाच्या सुमारे 80 टक्के भूभागाची उंची मोजली गेली. आपल्या देशानेही 5 मे 2005 रोजी कार्टोसॅट-1 हा उपग्रह सोडला. त्याचा एक कॅमेरा पुढे व दुसरा मागे पाहणारा. त्या जोडचित्रांवरून तयार झालेले उंचीचे आकडे ‘भुवन’ ह्या सरकारी संकेतस्थळावर अभ्यासकांस मिळतात.

ह्या संग्रहात जमिनीचे सुमारे 30 मीटरांचे चौरस पाडलेले असतात आणि प्रत्येक चौरसास उंचीचा एकच आकडा. मग संगणक काय करितो? तो प्रत्येक चौरसाची त्याच्या आठ शेजाऱ्यांशी तुलना करून पाणी कोणत्या बाजूस उतरेल ते ठरवितो. कांद्याच्या वाफ्यांत दारे धरणारा शेतकरी हेच करीत असतो; फरक इतकाच की, संगणक लक्षावधी वाफे क्षणात पाहतो. अशा उतारांची बेरीज होत गेली म्हणजे ओहोळ, नाला, नदी, जलविभाजक, कडा, पठार ही सारी भूरूपे आकड्यांतून आपोआप प्रकट होतात.

येथवर सारे सुरळीत वाटते. अडचण पुढेच आहे. एक चौरस म्हणजे 900 चौरस मीटर. त्यात घराचा ओटा, शेताचा बांध आणि मधली घळ ह्यांस मिळून एकच उंची. रडारचे किरण झाडांच्या व छपरांच्या माथ्यावरून परततात, म्हणून दाट झाडी संगणकास टेकाड वाटते. उलट पुलाचा भराव कधी कधी नदीस आडवी भिंत ठरतो, आणि तो हाताने कापून दिल्याखेरीज कागदावरचे पाणी पुढे सरकत नाही! खाली गोदावरी-कादवेच्या संगमावर नांदूरमध्यमेश्वरचा जुना बंधारा आहे. तेथे साचलेल्या गाळाने पक्ष्यांचे नंदनवन झाले, ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळही ठरले. पण पाण्याखालचा तो गाळ ह्या आकड्यांत दिसत नाही. त्याची खोली नावेतूनच मोजावी लागते.

ही सूक्ष्मता केवळ पंडितांच्या कौतुकाची नव्हे. महाराष्ट्रात पूररेषा दोन मानतात: सामान्यतः पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधण्यास मनाई. ती रेषा एका चौरसाने इकडची तिकडे झाली, तर एखाद्या कुटुंबाच्या वाडवडिलार्जित जागेवर वीटही चढत नाही. अथवा, त्याहून वाईट म्हणजे, जेथे बांधू नये तेथे परवानगी मिळते.

ह्यावर उपाय दोन. पहिला खर्चाचा: विमानातून प्रकाशाचे स्पंद सोडून मोजण्याची लायडार नावाची पद्धती. त्यांतील काही स्पंद पानांच्या फटींतून थेट मातीस पोहोचतात, आणि उंचीतील चूक वीतभराच्या आसपास येते. दुसरा उपाय स्वस्त असून दुर्लक्षिलेला आहे. पूर ओसरल्यावर देवळांच्या व घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते. ती रंगाने उमटवून शेजारी साल लिहावे, मोजणीदाराने सर्वेक्षणाच्या खुणेच्या दगडापासून तिची उंची काढावी आणि ती संग्रहात नोंदवावी. 2019 चे पाणी संगणकाने काढलेल्या नकाशात ज्या पायरीपर्यंत चढते, त्याच पायरीशी भिंतीवरची रेघ आहे की नाही, हे मग कोणासही ताडून पाहता येते.