निंदा, स्तुती आणि समतोल

निंदा व स्तुती यांविषयी समवृत्ती राखणे म्हणजे दोहोंकडे कान बंद करून बसणे नव्हे. दोहोंचे मोल कृतीच्या कसोटीवर ठरविणे होय. या दृष्टीने बा. सी. मर्ढेकरांचे उदाहरण उद्‌बोधक आहे. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काही कविता’ या संग्रहावर दुर्बोधतेचा आक्षेप आला, अश्लीलतेचा खटलाही झाला. त्यातून ते निर्दोष सुटले. दुसरीकडे, नवकाव्याचे प्रवर्तक म्हणून त्यांचा गौरवही होत राहिला. तथापि १९५१ मधील ‘आणखी काही कविता’ हा संग्रह ना टीकाकारांची मनधरणी करतो, ना प्रशंसकांची.

याचे मर्म त्यांच्याच सौंदर्यमीमांसेत सापडते. कलाकृतीची लय संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी सिद्ध होते, असे ते मानीत. समतोलात विरोध नाहीसा होत नाही. तो तोलला जातो. लेखकाच्या मनालाही हाच न्याय लावता येईल. आक्षेपातील तथ्य घ्यावे, प्रशंसेतील अतिशयोक्ती वगळावी आणि अखेरचा निर्णय कृतीवर सोपवावा. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या त्यांच्या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार लाभला, तेव्हा तो स्वीकारावयास मर्ढेकर हयात नव्हते. सन्मानाची वाट पाहत ज्याने लेखणी थांबविली असती, त्याच्या हातून हा ग्रंथ पुरा झालाच नसता.