हे चित्र लिओनार्दोचे का?

एक पेन्सिल घ्या आणि उजव्या हाताने कागदावर भराभर तिरप्या रेषा ओढा. बहुतेकांच्या रेषा उजवीकडून डावीकडे खाली उतरतील. आता डाव्या हाताने ओढून पाहा. कल उलटा झाला ना? एका चित्राचा कर्ता शोधताना याच फरकाला मोठे महत्त्व आले.

हे चित्र म्हणजे एका तरुणीचा बाजूने दिसणारा चेहरा. उंची जेमतेम ३३ सेंटिमीटर. १९९८ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ते एकोणिसाव्या शतकातील जर्मन चित्र म्हणून २१,८५० डॉलरना विकले गेले. पुढे जाणकारांच्या लक्षात आले, की त्यातील छायेच्या रेषा डाव्या हाताच्या आहेत. इटलीचा थोर चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) डावखुरा होता! चित्र त्याचे ठरले, तर किंमत कोट्यवधी डॉलर होणार.

मग विज्ञानाची मदत घेण्यात आली. पॅरिसच्या पास्काल कोत यांनी दृश्य प्रकाशात व अवरक्त किरणांत त्याची छायाचित्रे घेतली. हे चित्र कागदावर नसून जनावराच्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रावर आहे. झुरिकच्या प्रयोगशाळेत त्यातील कार्बन-१४ मोजला गेला. जनावर जिवंत असेपर्यंत अन्नातून हा कार्बन शरीरात येत राहतो. ते मेले की आवक थांबते आणि साठलेला कार्बन-१४ सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा होतो. उत्तर आले : कातडे बहुधा १४४० ते १६५० या काळातील.

"म्हणजे प्रश्न सुटला!" असे तुम्ही म्हणाल. पण थांबा. हे वय कातड्याचे, चित्राचे नव्हे. जुने चर्मपत्र मिळवून त्यावर नंतरही चित्र काढता येते. शिवाय डावखुरे चित्रकार इतरही होतेच. ऑक्सफर्डचे मार्टिन केम्प यांच्या मते चित्र लिओनार्दोचेच आहे. इतर अनेक तज्ज्ञांना ते पटत नाही. लिओनार्दोचे चर्मपत्रावरील दुसरे चित्र ज्ञात नाही, असे ते दाखवून देतात. २०१५ साली तर इंग्लंडमधील एका नकलाकाराने, हे चित्र आपणच १९७८ साली काढले, असा दावा केला!

मग चाचणी व्यर्थ गेली का? मुळीच नाही. कातडे १८०० सालचे निघाले असते, तर लिओनार्दोचे नाव तिथेच बाद झाले असते. चित्र त्या परीक्षेत टिकले; पण टिकणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

आता वहीत दोन रकाने आखा : 'लिओनार्दोचे असू शकते' आणि 'लिओनार्दोचेच आहे'. वरील प्रत्येक पुरावा योग्य रकान्यात लिहा. दुसऱ्या रकान्यात काय उरते, ते वर्गात सरांना दाखवा.