बिल दिलं म्हणजे पैसे आले असं नाही
तळा-माणगाव भागात आर्किटेक्ट-इंजिनिअरचं ऑफिस वाढायला लागलं, की आपण हातातली कामं मोजतो. पैसा कधी येणार, हे मोजत नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली, की जीएसटी नोंदणी आली. समजा, कंपनीला एक लाखाचं बिल दिलं. त्यावरचे १८ हजार जीएसटीचे. कंपनीने पैसे दिले नसले तरी ते आपल्याला पुढच्या महिन्यात भरावे लागतात. पैसे येतात तेव्हा १० टक्के टीडीएस कापलेला असतो. उरले ९० हजार. पगार मात्र थांबत नाहीत. म्हणून आपण आगाऊ रक्कम घेऊ, टप्प्याटप्प्याने बिल देऊ आणि उद्यम नोंदणी करू. २००६च्या कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागतात; उशीर झाला तर व्याजासकट.