चार तारा आणि चौतिशी

चौतिसाव्या वर्षी बेस गिटार शिकतोय म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, 'सहा तारांची झेपली नाही का?' नाही बॉस! ही भानगडच वेगळी. ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या चार जाड तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. तार लांब, बहुधा 34 इंचांची. पहिल्याच फ्रेटवर करंगळी रडते. बोटांना फोड येतात, मग घट्टे पडतात. त्याचं काही नाही.

खरा छळ मेट्रोनोमचा. 120 ला कसंबसं निभावतं, पण 60 वर लावा! दोन ठोक्यांमध्ये अख्खा सेकंद मोकळा. दिवसभर डेडलाइनमागे धावणाऱ्याला तो सेकंद खायला उठतो. वर अर्धं काम वाजवण्याचं नाहीच, गप्प करण्याचं. ज्या तारा नकोत त्या बोटांनी दाबून ठेवायच्या, नाहीतर सगळं गाणं घुमत बसतं.

यंदाच्या अप्रेझलमध्ये मला 'व्हिजिबिलिटी कमी' असा शेरा मिळाला. इन्क्रिमेंटही तेवढंच. त्याच आठवड्यात जेम्स जेमर्सनबद्दल वाचलं. मोटाउनच्या कितीतरी हिट गाण्यांना याचा बेस, उजव्या हाताची एकच तर्जनी वापरून. पण मार्विन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर, 1971 मध्ये त्याचं नाव छापलं जाईपर्यंत बहुतेक रेकॉर्डवर त्याचा उल्लेखही नसे. शेरा काही त्यामुळे पुसला गेला नाही, पण झोप लागली.

शनिवारी मित्रांच्या बँडबरोबर पहिली प्रॅक्टिस. रोज रात्री दहाला हेडफोन लावून बसतो. बायको विचारते, 'गाणं कुठलं?'

अजून गाणं नाही. नुसता ई.