सूचि-जीवोतक परीक्षा, कर्करोगोत्तर देखरेखीतील

सूचि-जीवोतक परीक्षा, कर्करोगोत्तर देखरेखीतील : जिवंत शरीरातील संशयित भागात पोकळ सुई घालून तेथील कोशिका किंवा ऊतकाचा (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहाचा) अल्पसा अंश काढून घेणे व त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करणे, यास सूचि-जीवोतक परीक्षा म्हणतात. व्यवहारात तिला ‘बायॉप्सी’ किंवा ‘सुईची तपासणी’ असे म्हटले जाते. कर्करोगाच्या प्रथम निदानासाठी ही परीक्षा करतात, हे सर्वपरिचित आहे. उपचार पूर्ण झाल्यानंतरच्या देखरेखीच्या काळात ती पुन्हा का करावी लागते, तीत काय घडते आणि तिच्या निष्कर्षाचा अर्थ कसा लावावा, यांविषयी प्रस्तुत नोंदीत माहिती दिली आहे.

ऐतिहासिक आढावा : ‘बायॉप्सी’ ही संज्ञा फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ एर्नेस्ट बेस्न्ये यांनी १८७९ मध्ये रूढ केली. न्यूयॉर्क येथील मेमोरियल रुग्णालयातील हेझ मार्टिन व एडवर्ड एलिस यांनी सुईने अर्बुदातील (गाठीतील) द्रव्य शोषून घेऊन तपासण्याची पद्धत १९३० मध्ये प्रसिद्ध केली. १९३८ मध्ये सिल्व्हरमन यांनी ऊतकाचा अखंड तुकडा काढणारी सुई वर्णिली. १९५० नंतरच्या काळात स्वीडनमधील वैद्यांनी अतिशय बारीक सुईची पद्धत विकसित केली आणि तेथूनच पेर लिंडग्रेन यांनी १९८२ मध्ये स्प्रिंगवर चालणारी स्वयंचलित सुई पुढे आणली. महाराष्ट्रात कर्करोगाच्या विकृतिविज्ञानाचा पाया मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात (स्थापना १९४१) घातला गेला. तेथील प्रयोगशाळांची उभारणी करणारे वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) हे भारतीय विकृतिविज्ञानाचे जनक मानले जातात.

परीक्षेची आवश्यकता : शस्त्रक्रिया, प्रारण चिकित्सा किंवा रासायनी चिकित्सा झालेल्या रुग्णाची ठरावीक अंतराने तपासणी केली जाते. अशा वेळी व्रणाजवळ नवी गाठ हाताला लागते, मानेतील लसीका ग्रंथी वाढलेली आढळते अथवा सोनोग्राफी, सीटी स्कॅन वा पेट स्कॅन यांत फुप्फुसात किंवा यकृतात डाग दिसतो. पूर्वी कर्करोग होऊन गेलेला असल्यामुळे असा प्रत्येक डाग म्हणजे रोगाची पुनरावृत्तीच, असे रुग्णास व नातेवाइकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि प्रतिमेवरून आकार, स्थान व क्रियाशीलता कळते. कोशिकांचे स्वरूप कळत नाही. ते केवळ ऊतकच सांगू शकते.

प्रत्यक्षात अशा गाठीची कारणे अनेक असतात. स्तनावरील शस्त्रक्रियेनंतर तेथील चरबीचा काही भाग मृत होऊन कठीण गाठ तयार होते; शस्त्रक्रियेतील टाक्याच्या धाग्याभोवती कणार्बुद निर्माण होते; प्रारण चिकित्सेनंतर ऊतक तंतुमय व घट्ट बनते. प्रारण चिकित्सा संपल्यानंतर सु. १२ आठवडे होण्यापूर्वी पेट स्कॅन केल्यास दाहामुळेही तो भाग उजळ दिसू शकतो. भारतात आणखी एक कारण नेहमी ध्यानात ठेवावे लागते, ते म्हणजे क्षयरोग. रासायनी चिकित्सेने प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात मानेच्या लसीका ग्रंथींचा अथवा फुप्फुसाचा क्षय उद्‌भवू शकतो. तो प्रतिमेत कर्करोगाच्या प्रक्षेपासारखा (दूर पसरलेल्या रोगासारखा) दिसतो. त्यावरील उपचार मात्र पूर्णतः भिन्न आहेत.

गाठ कर्करोगाचीच निघाली, तरीही परीक्षेचे महत्त्व कमी होत नाही. ती जुन्याच रोगाची पुनरावृत्ती आहे की नवा, स्वतंत्र कर्करोग आहे, हे ठरवावे लागते; उदा., तंबाखूमुळे मुखाचा कर्करोग झालेल्या व्यक्तीच्या फुप्फुसातील गाठ हा दुसरा मूळ कर्करोग असू शकतो. शिवाय परतलेल्या रोगाचे गुणधर्म बदललेले असू शकतात. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन ग्राहींची स्थिती मूळ गाठीत व प्रक्षेपात सु. एक-पंचमांश रुग्णांत भिन्न आढळते. हॉर्मोन चिकित्सा उपयोगी पडेल की नाही, हे त्यावरच अवलंबून असल्याने जुन्या अहवालावर विसंबून चालत नाही.

प्रकार : (१) सूक्ष्मसूचि शोषण परीक्षा : हीत २२ ते २५ क्रमांकाची, म्हणजे सु. ०·५ ते ०·७ मिमी. व्यासाची सुई वापरतात. ती नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईएवढीच असते. गाठीत ती पुढेमागे हलवून मिळालेल्या कोशिका काचपट्टीवर पसरतात व त्यांचे अभिरंजन करतात. मान, अवटू ग्रंथी व त्वचेखालील गाठी यांसाठी ही पद्धत सोयीची आहे.

(२) गाभासूचि परीक्षा : हीत १४ ते १८ क्रमांकाची (सु. १·२ ते २·१ मिमी. व्यासाची) सुई वापरून सु. १ ते २ सेंमी. लांबीचे, दोऱ्यासारखे ऊतकखंड काढतात. त्यांत कोशिकांची मांडणी शाबूत राहते व ग्राहींच्या चाचण्यांसाठी पुरेसे द्रव्य मिळते. लसीका ऊतकाच्या कर्करोगाची पुनरावृत्ती ठरविण्यास केवळ शोषण परीक्षा बहुधा अपुरी पडते. गाभासूचि परीक्षा किंवा संपूर्ण ग्रंथी काढणे आवश्यक असते.

पूर्वतयारी : रुग्णाने आपण घेत असलेल्या सर्व औषधांची माहिती द्यावी. ॲस्पिरीन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे काही दिवस थांबवावी लागू शकतात. परंतु ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, कारण हृदयविकाराच्या रुग्णास त्यापासून धोका संभवतो. यकृत, फुप्फुस यांसारख्या खोल इंद्रियांच्या परीक्षेपूर्वी रक्तक्लथनाचा काल व बिंबाणूंची संख्या तपासतात. मधुमेह, औषधाची ॲलर्जी व गरोदरपण यांची कल्पना आधीच द्यावी. वरवरच्या गाठीसाठी उपाशी राहावे लागत नाही. खोल परीक्षेसाठी काही तास अन्न वर्ज्य करण्यास सांगतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सुई कोठे घालणार, संभाव्य उपद्रव कोणते आणि परीक्षा न केल्यास काय होईल, हे विचारून घेण्याचा रुग्णास अधिकार आहे.

प्रत्यक्ष कृती : रुग्णास योग्य स्थितीत निजवून त्वचा जंतुनाशकाने स्वच्छ करतात. स्थानिक संवेदनाहारकाचे इंजेक्शन देताना क्षणभर चुरचुरते. नंतर दाब जाणवतो, तीव्र वेदना सहसा होत नाही. सूक्ष्मसूचीसाठी कित्येकदा संवेदनाहारकाचीही गरज लागत नाही. गाठ खोल असल्यास सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या साहाय्याने सुईचे टोक पाहत पाहत ती पुढे नेतात. फुप्फुस व यकृत यांच्या परीक्षेत सांगितल्याबरोबर श्वास रोखावा लागतो. स्वयंचलित सुई सुटताना ‘खट्’ असा मोठा आवाज होतो. त्याची कल्पना आधी दिलेली नसल्यास रुग्ण दचकतो व हलतो. पुरेसे द्रव्य मिळण्यासाठी सुई दोन ते पाच वेळा घालावी लागते. यावरून काही बिघडले आहे, असा समज करून घेऊ नये. सर्व कृतीस साधारणतः १५ ते ४५ मिनिटे लागतात.

नंतरची काळजी व उपद्रव : सुईच्या जागी काही मिनिटे घट्ट दाबून धरतात. दोन-चार दिवस दुखणे व काळेनिळे पडणे सामान्य आहे. यकृताच्या परीक्षेनंतर काही तास झोपवून ठेवून नाडी व रक्तदाब पाहतात. फुप्फुसाच्या परीक्षेत छातीच्या पोकळीत हवा शिरण्याचा (वातवक्ष) संभव असतो. दर शंभर रुग्णांपैकी सु. पंधरा ते पंचवीस जणांत तो आढळतो. त्यांतील बहुतेकांत हवा आपोआप शोषली जाते व थोड्यांनाच नळी घालावी लागते. याकरिता काही तासांनी छातीचे क्ष-किरण चित्र घेतात. दम लागणे, छातीत वाढती कळ, थुंकीतून बरेच रक्त पडणे, भोवळ, ताप किंवा वाढत जाणारी सूज यांपैकी काहीही झाल्यास त्वरित रुग्णालयात परतावे. दूरगावच्या रुग्णाने त्या रात्री रुग्णालयाच्या आसपास मुक्काम करणे व सोबत एक माणूस ठेवणे हिताचे असते.

‘गाठीला सुई लावली की रोग भडकतो’ ही समजूत ग्रामीण तसेच शहरी भागांतही दृढ आहे व तिच्यामुळे रुग्ण परीक्षा टाळतात. सुईच्या मार्गात कोशिका रुजण्याची शक्यता शून्य नाही. यकृतकोशिकांच्या मूळ कर्करोगात ती काही अभ्यासांच्या संकलनात शेकडा २ ते ३ अशी आढळली आहे. मान, स्तन इ. ठिकाणी मात्र ती फारच विरळ आहे. जेथे धोका अधिक, तेथे वैद्य स्वतःच खबरदारी घेतात : वृषणाच्या संशयित गाठीत वृषणकोशातून सुई घालत नाहीत, तर हाडाच्या किंवा स्नायूच्या मांसार्बुदात पुढील शस्त्रक्रियेत काढता येईल अशाच मार्गाने ती घालतात. परीक्षेनंतर काही महिन्यांत रोग वाढलेला दिसतो, तेव्हा बहुधा तो आधीच वाढीस लागलेला असतो. सुई त्याचे कारण नसते.

ऊतकाचा प्रवास : ऊतकखंड तत्काळ १० टक्के फॉर्मॅलिनच्या उदासीन विद्रावात टाकतात. ग्राहींच्या चाचण्यांसाठी स्तनाचे ऊतक त्यात किमान ६ व कमाल ७२ तास राहणे इष्ट असते. क्षयाची शंका असल्यास एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न टाकता निर्जंतुक लवणजलात वेगळा पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनने जंतू मरतात व त्यांचे संवर्धन करता येत नाही. प्रयोगशाळेत ऊतक पॅराफीन मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्याचे ३ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप घेतात व अभिरंजन करून तपासतात. शोषण परीक्षेचा अहवाल एक ते तीन दिवसांत, तर गाभासूचीचा सर्वसाधारणपणे आठवड्याभरात मिळतो. विशेष अभिरंजनांसाठी आणखी काही दिवस लागतात. हाडाचा तुकडा असल्यास तो मऊ करण्यातही वेळ जातो. विलंब म्हणजे वाईट बातमी, असे समीकरण मांडू नये.

परभणीसारख्या जिल्ह्यात या प्रवासाला विशेष अर्थ आहे. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या नऊ तालुक्यांच्या या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. त्यापूर्वीच्या काळात येथील कर्करुग्णांना उपचारांसाठी नांदेड, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), बार्शी अथवा मुंबई गाठावी लागे व विशेष उपचारांसाठी आजही अनेकांना तसे जावे लागते. लोहमार्गाने परभणीपासून छत्रपती संभाजीनगर सु. १८० किमी., तर मुंबई सु. ५५० किमी. दूर आहे. त्यामुळे मूळ उपचार एका शहरी, देखरेख दुसरीकडे व नवी परीक्षा तिसरीकडे, असे वारंवार घडते. अशा वेळी जुने अहवाल, काचपट्ट्या व मेणाचा ठोकळा यांचे महत्त्व मोठे आहे. नव्या ऊतकाची जुन्याशी तुलना केल्याखेरीज पुनरावृत्ती की नवा रोग, हे कित्येकदा ठरत नाही. ठोकळा नेहमीच्या तापमानात वर्षानुवर्षे टिकतो व प्रयोगशाळेकडे अर्ज करून तो मिळविता येतो. म्हणजे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यासाठी दर वेळी रुग्णाने प्रवास करण्याची किंवा पुन्हा सुई सोसण्याची गरज नसते; ठोकळा प्रवास करू शकतो. तो नेताना उन्हाळ्यात मात्र बंद मोटारीत उन्हात ठेवू नये, मेण मऊ पडते. फॉर्मॅलिनविना ठेवलेले ओले ऊतक तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात काही तासांतच निकामी होते. बाटलीवर रुग्णाचे पूर्ण नाव, वय, बाजू (डावी वा उजवी), जागा व दिनांक लिहिलेला असावा आणि सोबतच्या पत्रात पूर्वीचा कर्करोग व झालेले उपचार यांचा उल्लेख असावा. प्रारण चिकित्सेनंतर निरोगी कोशिकाही विचित्र दिसू शकतात. ही माहिती नसल्यास विकृतिविज्ञाची दिशाभूल होण्याचा संभव असतो.

निष्कर्षाचा अर्थ : अहवालात साधारणतः पाचपैकी एक निष्कर्ष असतो : द्रव्य अपुरे, सौम्य, अनिश्चित, संशयास्पद किंवा मारक (कर्करोगाचा). ‘द्रव्य अपुरे’ म्हणजे रोग नाही असे नव्हे. परीक्षा पुन्हा करावी लागते. ‘सौम्य’ या निष्कर्षाबाबतही सावधगिरी आवश्यक आहे. सुई गाठीच्या एका लहान भागातूनच जाते. शेजारचा भाग तिला अज्ञात राहतो. म्हणून अहवाल, हाताला लागणारी गाठ व प्रतिमा या तिन्हींचा मेळ बसतो की नाही, हे पाहतात. अहवालात चरबीचा मृत भाग, कणार्बुद किंवा क्षय असे निश्चित कारण दिले असेल, तर तो निष्कर्ष अधिक भरवशाचा ठरतो. केवळ ‘कर्करोगाच्या कोशिका आढळल्या नाहीत’ एवढेच म्हटले असून गाठ मात्र वाढत असेल, तर पुन्हा परीक्षा करणे किंवा शस्त्रक्रियेने गाठ काढून तपासणे हाच मार्ग असतो.

सर्वच वेळी सुईची परीक्षा करतात असे नाही. डाग अतिशय लहान असल्यास काही आठवड्यांनी प्रतिमा पुन्हा घेणे, जागा धोक्याची असल्यास सोपी दुसरी जागा शोधणे किंवा निष्कर्ष काहीही आला तरी उपचार बदलणार नसल्यास परीक्षा टाळणे योग्य ठरते. उपचारांची दिशा मात्र जेव्हा तिच्यावर अवलंबून असते, तेव्हा ऊतक न पाहता केवळ छायेवरून रोग परतल्याचे मानणे किंवा भीतीपोटी तपासणी लांबविणे, या दोन्ही गोष्टी रुग्णास सारख्याच घातक ठरतात. पहिलीत क्षयाच्या रुग्णास रासायनी चिकित्सा दिली जाण्याचा धोका असतो, तर दुसरीत बरा होऊ शकणारा स्थानिक रोग हाताबाहेर जाण्याचा.