न दिसणाऱ्या मितीचे मोजमाप

लांबी, रुंदी आणि उंची यांपलीकडे अवकाशाला आणखी एखादी मिती असू शकेल असे म्हटले की, श्रोत्यांतून एक रास्त शंका हमखास येते. जी दिसत नाही, जिच्यात बोटही शिरत नाही, ती आहे की नाही हे ठरवायचे कशाने? मूळ कल्पनेपेक्षाही ही शंका मला अधिक मोलाची वाटते. म्हणून येथे तिच्यापुरतेच लिहितो. (काळालाही मिती मानतात, परंतु तो विषय निराळा, आणि चौथ्या मितीत भुतेखेते वसविणाऱ्या कथांशी तर आपले काहीच देणेघेणे नाही.)

या कल्पनेला वजन आले ते थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञामुळे. आईन्स्टाईनची समीकरणे त्याने एक अवकाशमिती वाढवून मांडली, तेव्हा गुरुत्वाकर्षणाबरोबर मॅक्सवेलची विद्युत्‌चुंबकीय समीकरणेही त्यांतून निघाली. हा निबंध त्याने १९१९ साली आईन्स्टाईनकडे पाठविला. तो प्रसिद्ध व्हावयास १९२१ साल उजाडले. मग ही मिती दिसत का नाही? ती गुंडाळलेली आहे, असे उत्तर स्वीडनच्या ऑस्कर क्लाइनने १९२६ साली दिले. दुरून माड एखाद्या उभ्या रेषेसारखा दिसतो. खोडावरील मुंगीला मात्र त्याला वळसाही घालता येतो. क्लाइनच्या हिशेबाने हा वळसा अणुकेंद्राहूनही कल्पनातीत लहान होता. म्हणजे शंका मिटली नाही, केवळ आवाक्याबाहेर गेली.

ती पुन्हा आवाक्यात आणली गुरुत्वाकर्षणाने. दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की प्रकाश चौपट क्षेत्रावर पसरतो आणि एक चतुर्थांश उरतो. न्यूटनचा नियमही असाच आहे. त्यातील अंतराचा ‘वर्ग’ ही अवकाशाच्या तीन मितींची खूणच होय. आणखी दोन मिती गुंडाळलेल्या असतील, तर त्यांच्या आकाराहून कमी अंतरावर ही ओढ अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलेल. अशा मिती मिलिमीटरच्या आसपासही असू शकतील, असे अर्कानी-हमेद, दिमोपुलोस आणि द्वाली यांनी १९९८ साली दाखविले. आश्चर्य असे की, त्याहून कमी अंतरावर न्यूटनचा नियम तोवर कोणी नीट तपासलाच नव्हता!

सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हे काम झाले. बारीक तारेला टांगलेली एक चकती, तिच्याखाली फिरणारी दुसरी, आणि विद्युत्‌बल अडविण्यासाठी दोहोंमध्ये ताणून बसविलेला धातूचा पातळ पत्रा. खालची चकती फिरली की वरचीच्या तारेला किंचित पीळ बसतो. तो आरशावरून परतणाऱ्या प्रकाशकिरणाने मोजतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत ५२ मायक्रोमीटर अंतरापर्यंत, म्हणजे जवळजवळ केसाच्या जाडीपर्यंत, न्यूटनचा नियम ढळला नाही. यावरून सर्वांत मोठ्या अतिरिक्त मितीची त्रिज्या ३० मायक्रोमीटरहून कमी असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला.

स्ट्रिंग सिद्धांताला नऊ अवकाशमिती लागतात. त्या याहून सूक्ष्म असतील, तर या तुलेला त्यांचा पत्ता लागणार नाही. चकत्या आणखी जवळ आणाव्यात, तर मधली धूळ आणि पृष्ठभागावरील विद्युत्‌भार त्या क्षीण ओढीला सहज झाकून टाकतात.